घरच्यांच्या फोनवर ऑनलाईन खरेदी चालू करून देताय? आधी एवढं करून ठेवा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझ्याकडं फोन घेऊन येणाऱ्यांची रांगच लागते. कुणाला ॲप बसवून पाहिजे असतंय, कुणाला कार्ड जोडून पाहिजे असतंय, आणि एखादं तोंड पाडून येतंय, "अगं हे बघ की जरा, पैसे गेलेत वाटतं." ही शेवटची गिऱ्हाईकं कमी व्हावीत म्हणून हे लिहायला घेतलंय. आई-वडील, आत्ती, मामा, शेजारच्या काकू, ज्यांच्या फोनवर पहिल्यांदा खरेदी चालू करून द्यायचीय त्यांच्यासाठी आहे, पण तुम्ही स्वतः रोज मागवत असाल तरी एकदा डोळ्याखालनं घाला.

एक सांगते, गडबडीत कुणीपण गंडतंय. कुकरच्या शिट्ट्या होताहेत, दारात पार्सलवाला उभा आहे, फोनवरचा माणूस "मॅडम लवकर सांगा, ऑर्डर कॅन्सल होईल" म्हणतोय, अशा वेळी बँकेतनं रिटायर झालेली माणसंपण ओटीपी सांगून बसतात. त्यामुळं त्या वेळी आपण शहाण्यासारखं वागू याच्या भरवशावर राहू नका. निवांत असताना सेटिंग अशी करून ठेवायची की चूक झालीच तरी दोन-तीन हजाराच्या वर फटका बसणार नाही. खालचं सगळं त्याच हिशोबानं आहे.

आधी काय काय जवळ पाहिजे

- खात्याला जोडलेला मोबाईल नंबर, चालू असलेला आणि ज्याचं खातं त्याच्याच नावावरचा (पोराच्या नावावरचं सिम आणि वडिलांचं खातं असलं त्रांगडं असेल तर ते आधी सोडवा)
- बँकेचं ॲप किंवा नेटबँकिंग चालू असलेलं
- डेबिट कार्ड
- ईमेल आणि त्याचा पासवर्ड. "ते दुकानदारानं फोन घेताना काढून दिलंय, मला माहीत नाही" हे उत्तर निम्म्या लोकांचं असतंय, तर आधी ते शोधा
- एक वही आणि पेन. हो, वहीच. बँकेचा तक्रारीचा नंबर, कार्डाचे शेवटचे ४ आकडे आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. पिन मात्र वहीत लिहायचा नाही
- तासभर वेळ. जेवणाच्या आधी बसू नका, मध्येच उठावं लागतंय

१. खरेदीचं खातं वेगळं करा

बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा. पगार, पेन्शन, उसाचं बिल, दुधाचं बिल जिथं जमा होतंय त्या खात्याला यूपीआय आणि ऑनलाईन खरेदी जोडूच नका. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं काढा, त्यात महिन्याला लागतील तेवढेच पैसे टाका, आणि ॲप, कार्ड, यूपीआय सगळं त्यालाच जोडा. झिरो बॅलन्सचं बेसिक खातं कुठल्याही बँकेत मिळतंय, फक्त त्याच बँकेत तुमचं आधीचं बचत खातं असेल तर ते देत नाहीत, म्हणून बँकच वेगळी धरायची.

इथं एक खड्डा आहे तो बघून घ्या. काही खात्यांना एफडी जोडलेली असते, ऑटो स्वीप म्हणतात त्याला. खात्यात शिल्लक दिसते ५ हजार, आपल्याला वाटतंय जाऊन जाऊन किती जातील, पण खर्च त्याच्या वर गेला की मागची एफडी आपोआप मोडून पैसे पुरवले जातात. म्हणजे दरवाजाला कुलूप आणि मागची खिडकी उघडी. खरेदीच्या खात्याला स्वीप नाही ना, हे ब्रँचमध्ये तोंडी न विचारता ॲपमध्ये स्वतः बघा.

घरातल्या वयस्कर माणसांना हे पटवणं अवघड जातंय, "आणि एक खातं कशाला, एकाचंच कळंना" म्हणतात. मी त्यांना सांगते, बाजाराला जाताना तिजोरी घेऊन जाता का, पिशवीत पाचशेच घालता की नाही. पटतंय मग.

२. कार्डाची बटणं

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं मार्च २०२० पासून नवीन कार्ड येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालतं. ऑनलाईन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं हे तुम्ही स्वतः चालू करायचं असतंय, आणि प्रत्येकाची मर्यादापण तुम्हीच ठरवायची असते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात ही बटणं सापडतील. नावं प्रत्येक बँकेची वेगळी, पण शोधलं की मिळतंय.

मी असं करून देते:

- भारतातली ऑनलाईन खरेदी: बंद. खरेदी करताना चालू, झाली की परत बंद. कंटाळा येत असेल तर चालू ठेवा पण दिवसाची मर्यादा २-३ हजार
- परदेशी व्यवहार: बंद, कायमचं
- टॅप करून पैसे: वापरत नसाल तर बंद

परदेशीवर एवढा जोर का, तर आपल्याकडच्या साईटवर कार्डानं पैसे देताना ओटीपी लागतो म्हणून आपण निर्धास्त असतो. बाहेरच्या बऱ्याच साईटना ओटीपी लागतच नाही. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे कापले जातात. म्हणजे "मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही तरी गेले कसे" याचं उत्तर बऱ्याचदा या बटणात असतंय.

कार्ड ॲपमध्ये सेव्ह करायचं का, हा ठरलेला प्रश्न. १ ऑक्टोबर २०२२ पासून खरेदीच्या साईट तुमच्या कार्डाचा खरा नंबर स्वतःकडं ठेवू शकत नाहीत. त्या जागी एक बदली नंबर ठेवतात, टोकन म्हणतात, आणि तो त्या दुकानापुरताच चालतो. दुकानाचा डेटा चोरीला गेला तरी त्या टोकनाचा चोराला दुसरीकडं उपयोग नाही. म्हणून नेहमीच्या एक-दोन मोठ्या ॲपवर टोकन करून ठेवायला हरकत नाही, दर वेळी कार्ड बाहेर काढून नंबर टाईप करण्यापेक्षा ते बरंच. एकदाच काही घेणार असाल तिथं मात्र ती सेव्हची खूण काढून टाका. कुठं कुठं टोकन केलंय ती यादी बँकेकडं असते आणि तिथनं एकेक काढतापण येतंय.

आणि गॅलरीत जा. कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो "असू दे जवळ" म्हणून काढलेला असतोच असतो, नाहीतर मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. तो गॅलरीतनं काढा, चॅटमधनं काढा, आणि डिलीट केलेल्या फोटोंच्या फोल्डरमधनंपण काढा. मागचे तीन आकडे पाठ करून त्यावर छोटं स्टिकर लावलं तर अजून उत्तम.

३. यूपीआय

पिन टाकला की पैसे जातात. येण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काहीच लागत नाही. रिफंड असो, कॅशबॅक असो, बक्षीस असो. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाकडनं म्हणून घ्या. एका माणसानं दुसऱ्याकडं पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळं तो जुना प्रकार कमी झालाय, पण दुकानांची एखादी रिक्वेस्ट अजून येऊ शकते. तेव्हा पिनच्या आधी वर कुणाचं नाव दिसतंय ते वाचायची सवय लावा. साडी घेतली एकाकडनं आणि नाव भलत्याच माणसाचं, असं दिसलं की तिथंच थांबा.

दुसरी गोष्ट ऑटोपे. "फक्त १ रुपयात महिनाभर" असल्या जाहिरातीत पिन टाकताना आपण पुढच्या सगळ्या हप्त्यांना परवानगी देऊन बसतो. ₹१५,००० पर्यंतचा हप्ता पुढं दर वेळी पिन न विचारता कापता येतो. कापायच्या आधी २४ तास मेसेज येतो, पण मेसेज वाचतंय कोण! यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो, तिथं महिन्यातनं एकदा जाऊन बघायचं आणि नको ते रद्द करायचं. नुसतं ॲप फोनमधनं काढून टाकलं म्हणून हप्ता थांबत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतंय.

४. फोन

थोडक्यात आणि भराभर:

फोन लॉक असताना मेसेजचा मजकूर वर दिसतो तो बंद करा, नाहीतर ओटीपी वाचायला फोन उघडायचीपण गरज नाही. ईमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागायची सोय) लावा, कारण खरेदीच्या सगळ्या ॲपचा पासवर्ड ईमेलवरनं बदलता येतो, ज्याच्या हातात ईमेल त्याच्या हातात सगळं. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याच ॲपला वापरायचा नाही. अंबाबाई१२३ आणि नातवाचं नाव-जन्मसाल हे पासवर्ड कोल्हापुरात घराघरात आहेत, ते बदला.

ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधनं. व्हॉट्सॲपवर शेवटी एपीके असं लिहिलेली फाईल आली, मग ती लग्नपत्रिका असो, गाडीचं चलन असो की "दिवाळी सेल ॲप", उघडायची नाही, ओळखीच्या नंबरवरनं आली तरी नाही, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतोय आणि फाईल आपोआप सगळ्यांना जात असते. असली ॲप मेसेज वाचायची परवानगी घेऊन तुमचे ओटीपी परस्पर पुढं पाठवतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अनोळखी ॲप बसवायची परवानगी असते, ती व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर सगळ्यांची बंद करून टाका. म्हणजे चुकून दाबलं तरी फोनच अडवतो.

एनीडेस्क, क्विकसपोर्ट यांसारखी स्क्रीन दाखवायची ॲप घरच्यांच्या फोनवर दिसली तर आधी विचारा कुणी बसवायला सांगितली. ॲपमध्ये खोट नाही, पण तुमची स्क्रीन समोरच्याला दिसत असताना पिन टाकणं म्हणजे त्याच्या हातात देण्यासारखंच.

५. दुकान खरं का खोटं

इथं जरा वेळ काढा, कारण वरचं सगळं नीट असलं तरी खोट्या दुकानाला आपण स्वखुशीनं पैसे दिले तर बटणं काय करणार.

आमच्या आत्तीनं परवा इन्स्टाग्रामवरची एक जाहिरात दाखवली. "ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल, कारागीर बंद करतोय दुकान, शेवटचा स्टॉक, ₹३९९." आता चप्पल लाईनपासनं चालत पाच मिनिटांवर राहणाऱ्या बाईनं चप्पल ऑनलाईन का बघावी, तर बेंगळुरूच्या नातीला परस्पर पाठवायची होती. आम्ही दोघी ती साईट घेऊन बसलो. वरती घड्याळ उलटं चाललेलं, "ऑफर संपायला ९ मिनिटं". मी पान बंद करून परत उघडलं तर परत ९ मिनिटं. आत्ती म्हणाली, "व्हय ग, हे तर तिथंच हाय!" खाली गेलो. पत्ता महाद्वार रोड, कोल्हापूर, आणि पिनकोड ११० नं सुरू होणारा. आपला ४१६ नं सुरू होतो, ११० म्हणजे दिल्ली. जीएसटी नंबर होता, पण सुरुवात ०७ नं, तोपण दिल्लीचाच. फोटोतल्या एका जोडाखाली तर दुसऱ्याच दुकानाचं नाव अर्धवट खोडलेलं दिसत होतं. संपर्काला फोन नाही, नुसता व्हॉट्सॲप. परत करायच्या नियमाच्या पानावर घड्याळांच्या पट्ट्यांविषयी लिहिलेलं, म्हणजे ते पान दुसऱ्या कुठल्या साईटवरनं उचललेलं. आत्तीनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "चल, पर्स घे. लाईनीतनंच घेऊन कुरिअर करूया."

तर बघायचं काय, क्रमानं:

साईटचं नाव उजवीकडनं वाचा. डॉट कॉम किंवा डॉट इन च्या लगेच आधी जो शब्द आहे तो खरा मालक. मोठ्या कंपनीचं नाव, मग डॅश, मग दिवाळी-ऑफर, मग डॉट शॉप, असलं काही असेल तर ते त्या कंपनीचं नाही. जाहिरातीवरनं जाण्यापेक्षा नाव स्वतः टाईप करा किंवा ॲप उघडून तिथं शोधा. कुलपाचं चिन्ह दिसतंय म्हणून साईट खरी असं धरू नका. कुलूप एवढंच सांगतंय की तुमची माहिती मधल्या मध्ये कुणी वाचणार नाही, पलीकडं चोरच बसलाय का हे ते सांगत नाही.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकला की लॉगिन न करता धंद्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का रद्द झालीय हे दिसतंय. चपलेच्या साईटचा नंबर टाकल्यावर दुसऱ्या राज्यातली सिमेंटची एजन्सी निघाली की विषय संपला.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ऑनलाईन विकणाऱ्यानं स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवायलाच पाहिजे, आणि तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायला पाहिजे. यातलं काहीच दिसत नसेल तर कशाला उगाच डोकं लावायचं, दुसरं दुकान बघा. जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या चिन्हाचं म्हणाल तर कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय मिळालंय, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात, पण ते चिन्ह म्हणजे एक चित्र आहे आणि चित्र कुणीपण कॉपी करून साईटवर चिकटवतंय.

आता घरातनं मसाला, लोणचं, साड्या विकणाऱ्या ताई-वहिनी इन्स्टाग्रामवर आहेत, त्यांच्यापैकी सगळ्यांकडं जीएसटी नसतो आणि म्हणून त्या चोर होत नाहीत. तिथं व्हिडिओ कॉलवर माल दाखवायला सांगा, पहिली ऑर्डर छोटी द्या, आणि जमल्यास पार्सल आल्यावर पैसे द्या. खरा विक्रेता दोन मिनिटं कॉलवर यायला का-कू करत नाही.

६. माहिती किती द्यायची

पार्सल यायला नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाईल एवढंच लागतंय. जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, आधार, पॅन यातलं साडी घ्यायला काहीच लागत नाही. जन्मतारीख विचारली आणि तारांकित रकाना असला तर मी सरळ १ जानेवारी टाकते.

खरंच कागद लागतात ते प्रसंग मोजके. परदेशातनं पार्सल मागवलं तर कस्टमसाठी केवायसी मागतात. २ लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, गुजरीत सोनं घेतलंय त्यांना हे माहीतच आहे. आधार द्यायची वेळ आलीच तर मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरनं उतरवून घेता येतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

ॲप बसवताना ते कॉन्टॅक्ट, मेसेज, माईक सगळं मागतंय. खरेदीच्या ॲपला तुमच्या भिशीतल्या बायकांचे नंबर कशाला पाहिजेत? नकार द्या, ॲप तरीही चालतंय. लोकेशन फक्त वापरत असताना.

पार्सलच्या खोक्यावरचं लेबल फाडून मग खोकं भंगारात द्या. नाव, पत्ता, नंबर, कधी कधी काय मागवलंय तेसुद्धा त्यावर असतंय, आणि "तुम्ही आमच्याकडनं मिक्सर घेतला होता, लकी ड्रॉ लागलाय" म्हणणाऱ्याला एवढं पुरतंय.

७. पार्सल दारात येताना

ओटीपी पार्सल हातात आल्यावर. "मॅडम आधी ओटीपी सांगा, मग गाडी तुमच्याकडं वळवतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. आणि ओटीपी सांगायच्या आधी तो मेसेज कशाचा आहे हे वाचायचं, कारण डिलिव्हरीच्या नावाखाली बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा ओटीपी काढून घेतात.

"तुमचा पत्ता अपूर्ण आहे, ₹५ भरून दुरुस्त करा" हा मेसेज पोस्टाच्या नाहीतर कुरिअरच्या नावानं येतो. पाच रुपयांसाठी ते कशाला कष्ट घेतील, त्यांना पाहिजे असतो कार्डाचा नंबर. खऱ्या कंपन्यांचे मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरनं येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतंय, जाहिरात असेल तर पी, सेवा असेल तर एस, व्यवहार असेल तर टी आणि सरकारी असेल तर जी. दहा आकडी नंबरवरनं लिंक आली की उडवा.

पार्सलवाल्यानं स्टार, ४०१ आणि पुढं एक मोबाईल नंबर असं डायल करायला सांगितलं तर ते कॉल फॉरवर्डिंग आहे, तुमचे कॉल त्याच्याकडं जायला लागतात आणि कॉलवर येणारा ओटीपीपण. दाबलंच असेल कुणी तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतंय.

न मागवलेलं पार्सल पैसे घेऊन येतं, हापण धंदा आहे. घरात म्हातारी माणसं एकटी असतात, "मुलानं मागवलंय, ₹६९९ द्या" म्हटलं की देतात. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं कुठल्या तारखेला कुणाचं काय येणार आणि किती द्यायचेत. तिथं नसेल तर परत पाठवायचं. महागाची वस्तू असेल तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, लेबलपासनं सुरुवात करून, मध्ये न थांबवता.

८. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका

वेगळा मुद्दा केलाय, कारण भले भले इथंच पडतात. रिफंड अडकला की माणूस चिडून गूगलवर नंबर शोधतो, आणि वर जो येतो तो चोरानं टाकलेला असू शकतो. तुम्हीच फोन केलेला असतो म्हणून संशय येत नाही, तो म्हणेल ते ॲप बसवता. नंबर फक्त ॲपच्या आतल्या मदतीच्या भागातनं घ्यायचा, बँकेचा असेल तर कार्डाच्या मागनं. बँकांना व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर दिलेत, आणि बँकांच्या साईटपण आता डॉट बँक डॉट इन नं संपणाऱ्या झाल्यात, रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. साध्या मोबाईलवरनं "बँकेतनं बोलतोय" म्हटलं की बोलणं लांबवायचं नाही, ठेवून द्यायचा.

९. गेलेच पैसे तर

रडारड नंतर, आधी हे, याच क्रमानं.

पहिलं, बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा. ॲपमधनं कार्ड ब्लॉक करणं सगळ्यात झटपट. लगेच दुसरा फोन १९३० ला. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर, तिथनं पैसे ज्या खात्यात गेले तिथं ते गोठवायचा प्रयत्न होतो. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन गेला तर काहीतरी हाताला लागतंय, म्हणून "आधी मुलाला विचारते, तो संध्याकाळी येईल" असं करू नका. नंबर लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका.

हाताशी काय ठेवायचं:

- व्यवहाराचा क्रमांक, यूपीआयचा यूटीआर असेल तर १२ आकडी
- तारीख, वेळ, रक्कम, कुठल्या खात्यातनं
- समोरच्याचा नंबर, यूपीआय आयडी, साईटचा पत्ता
- चॅटचे आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट. लाज वाटून चॅट डिलीट करतात लोक, तोच तर पुरावा असतोय
- खात्याचा उतारा आणि ओळखपत्र

पोलिसांत जायचं तर कोल्हापुरात सायबर ठाणं आहे, पण जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, जे जवळ असेल तिथं गेलात तरी चालतंय. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठं घडला याचा विचार न करता कुठल्याही ठाण्यात एफआयआर देता येते. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हटलं तर नम्रपणे हेच सांगा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेकडं लेखी तक्रार त्याच दिवशी. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे, तुमची चूक नसताना आणि बँकेचीपण नसताना, तिसऱ्याच कुणाच्या गडबडीनं पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासनं ३ कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. ४ ते ७ कामाचे दिवस लावलेत तर साध्या बचत खात्याला ₹१०,००० पर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो. आणि ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी लगेच कळवण्यात फायदाच आहे. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते.

फसवणूक नाही पण माल भलताच आला, रिफंड देत नाहीत, असं असेल तर १९३० नाही, ग्राहक हेल्पलाईन १९१५. दोन्हीचा घोळ करू नका, वेळ जातो.

आणि तक्रार केल्यावर काही दिवसांनी एखादा फोन येईल, "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, सायबर सेलमधनं बोलतोय, फाईलचे २ हजार भरा." पैसे गेलेल्या माणसांच्या याद्यापण विकल्या जातात. तक्रारीला कुठलीच फी नाही, ना १९३० ला, ना पोलिसांत, ना लोकपालाकडं. तो नंबरसुद्धा त्याच तक्रारीला जोडून द्या.